बायकोच्या शिंकांची चौकशी

बायको गेल्यावर झाडू माझ्या हातात आला आणि माझं नाक गळायला लागलं. सकाळी केर काढला, गाद्या झटकल्या की दहा-बारा शिंका, डोळ्यांना धार. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमधले लोक म्हणायचे, काका अजून रडतात. रडतो मी, पण रोज सकाळी सातला ठरवून नाही. शेवटी कल्याणला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई वयाने लहान, पण प्रश्न नेमके. "काका, आठवड्यात चार दिवसांपेक्षा जास्त शिंका येतात?"

"रोज."

"सलग महिनाभर तरी?"

"तीन महिने झाले."

"झोप मोडते?"

"मोडते. नाकाने मोडते का कशाने, ते सांगता येणार नाही."

तिने लिहून घेतलं. म्हणाली, ही अ‍ॅलर्जीची सर्दी. कुणाला अधूनमधून होते, कुणाला कायम राहते. त्यातही एक हलकी, एक झोप-काम बिघडवणारी. औषध त्यावर ठरतं.

मला प्रत्येक प्रश्नाला माझ्याआधी बायकोचं उत्तर आठवत होतं.

ती चाळीस वर्षं शिंकली. आमच्यात घरातून निघताना कुणी शिंकलं की दोन मिनिटं खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग उठायचं. ठाण्याला कंपनीत माझी पहिली पाळी. मी चप्पल घालणार, आतून हिची शिंक. "शिंकलीस? झालं काम," म्हणून मी बसायचो. एकदा त्यात उशीर झाला, गेटवरून परत पाठवलं. घरी येऊन तिला नको ते बोललो. तेव्हापासून मी चपलेकडे वळलो की ती पदर तोंडात कोंबून मोरीत जायची. मला वाटलं, बाईला शिस्त लागली.

"मॅडम, माझं राहू दे. एका बाईला असं चाळीस वर्षं होतं. ती कुठल्या प्रकारात?"

"घेऊन या त्यांना."

"ती नाही आता."

बाईने पेन खाली ठेवलं. घाई होती तिला, बाहेर रांग होती, तरी विचारलं, "नाक चोंदायचं? वास यायचा त्यांना?"

वास. ती कायम मला हाक मारायची, अहो, भाजी करपली का बघा. मी म्हणायचो, तुला नाक नाही का? पावसाळा सरताना मागच्या रिकाम्या प्लॉटवरच्या गवताला तुरे आले की आडवं पडलं की तिचा श्वास कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. तेही सांगितलं.

"पेशंट न बघता शपथेवर नाही सांगणार," बाई म्हणाली. "पण ऐकून वाटतं, कायमची आणि त्रासाची."

"औषध होतं?"

"नाकात मारायचा फवारा. रोज नियमाने मारला तर बऱ्याच जणांना आराम पडतो."

"तेव्हा मिळायचा?"

"बरीच वर्षं मिळतोय, काका."

चाळीस वर्षांत विचारायला मीच गेलो नव्हतो. कळलं.

मेडिकलवाल्याकडून घेत होतो ती शिंकेची गोळी आठवडाभर बंद ठेवून मी पुन्हा गेलो, गोळी घेतली की तपासणी चुकते म्हणे. हातावर औषधाचे थेंब टाकून सुईने टोचलं. पंधरा-वीस मिनिटांत दोन ठिकाणी डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. एक गादीच्या धुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची, दुसरी गवताच्या परागांची. फवारा मिळाला. नाकाच्या मधल्या पडद्यावर नाही, बाहेरच्या बाजूला मारायचा. निघताना विचारलं, हे घराण्यात उतरतं का? बाई म्हणाली, आईचं लेकरात येऊ शकतं.

रविवारी टिटवाळ्याला मुलीकडे गेलो. तिच्या नव्या बिल्डिंगच्या चहूकडे कमरेएवढं गवत. जेवलो, निघालो. एका पायात चप्पल घातली आणि मुलगी शिंकली. लगेच पदर तोंडावर. म्हणाली, "बाबा, बसा दोन मिनिटं. पाणी आणते."

"पाणी राहू दे. आठवड्यातून किती दिवस होतं हे?"

"काय?"

"शिंका."

"बाबा, शिंकच आहे. आईला नव्हत्या का?"

"होत्या. वास येतो का तुला?"

"कसला वास?" गॅसवर दूध होतं. उतू गेल्याचा वास मला दारापर्यंत येत होता.

मी चप्पल काढली, आत जाऊन गॅस बंद केला आणि बसलो.