तांबडी वायर

काल मिक्सरची वायर जळाली आणि त्या वासानं मला जालन्यातल्या स्टीलच्या कारखान्यात नेलं. तिथं मी नवा इलेक्ट्रिशियन होतो. भट्टीचा प्रोसेसर दोन गोष्टी तपासायचा: थंड पाणी फिरतंय का, कारण त्याविना भट्टी तापून फुटू शकते, आणि वीज बराबर आहे का. दोन्हींचं उत्तर एक, म्हणजे 'हो', आलं तरच भट्टी चालायची, कुठलंही शून्य आलं की बंद. एका दुपारी पॅनलमध्ये पाण्याच्या सेन्सरऐवजी तांबडी वायर जोडलेली दिसली. आता पाणी असो-नसो, उत्तर कायम एक येणार होतं.

"मामा, हे कुणी केलं?" मी फोरमनना विचारलं.

"मीच. सारखी बंद पडून राह्यलीय भट्टी. राहू दे तसंच."

मी पॅनलचं दार लावलं. तेव्हा तो मोठ्या माणसाचा मान वाटला. आज त्याला भीती म्हणतो.

आठव्या दिवशी पाण्याचा पंप बंद पडला. पॅनलवर हिरवा दिवा तसाच जळत होता आणि भट्टीजवळ मामा उभे होते.