खडी फोडणारी गया

परवा गल्लीत डांबर टाकत होते. त्या वासासरशी मला पौडच्या पुढचं सासर आठवलं, लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. मालक दिवसभर रानात, सासूबाई अबोल. दिवसदिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

तेव्हा मुळशीकडचा रस्ता पक्का होत होता. खडी फोडणारी गया रोज दुपारी पाणी मागायला यायची आणि तांब्या रिकामा झाला तरी ओट्यावर बसून राहायची. तिच्या मुकादमाच्या नकला बघून मी पदर तोंडाला लावून हसायची.

एक दिवस ती बसलीच नाही.

"हितलं काम सरलं. उद्यापासनं फुडल्या गावाला."

"परत कधी येशील?"

"झाल्या रस्त्यावर आमचं काय काम, वैनी?" तिने खरखरीत तळवा माझ्या गालावरून फिरवला आणि ती गेली.

आता एस.टी. दारावरून जाणार म्हणून गाव खुशीत होतं. मी मात्र दुसऱ्या दुपारीही तांब्या भरून बसले. समोर काळाभोर रस्ता नुसता तापत होता.

तेव्हा वाटायचं, एकटी मीच. पण टोळीचं पाण्याचं पिंप तिच्या हाताशीच, झाडाखाली असायचं. तरी ती उन्हातून आमच्या दारापर्यंत का यायची, ते आता कळतं.