पाहुण्यांपासून लपवलेला पंप

बँकेच्या रांगेत माझ्यापुढच्या मुलीने पर्समधून दम्याचा पंप काढला, हलवला, श्वास पूर्ण सोडला आणि औषध आत ओढलं. थोडा वेळ श्वास रोखून धरला. मग पंप पर्समध्ये टाकून ती मैत्रिणीशी अर्धवट राहिलेलं बोलू लागली. कोणी वळूनही पाहिलं नाही.

माझी धाकटी बहीण शालू हिला दमा आहे. डॉक्टरांनी यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावून त्याचं निदान केलं होतं. पंपातलं औषध थेट फुफ्फुसात जातं, त्याची सवय लागत नाही, हेही समजावलं होतं. मला ते पटलं होतं. तरी तिला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी मी तिचा पंप कपाटात कुलूपबंद केला.

"तासाभराचा तर प्रश्न आहे, शालू. नंतर घे."

आईने घरभर धूप फिरवला होता. पोह्यांच्या बशा देता देताच शालूची छाती वाजू लागली. मुलाच्या आईने हातातली बशी खाली ठेवली.

"अहो, दम्याची धाप लागलीय पोरीला! पंप कुठंय हिचा?"

"कसला पंप?" मी म्हणालो.

आमच्या आईने माझ्या खिशातून किल्ली ओढून घेतली आणि पंप आणला. काही मिनिटांनी शालू सावरली. मी ते दोन शब्द बोललो, तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती, आणि मला खोटं ठरवण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता.