केरबाचं नाक

वडूजकडनं आलेल्या एसटीतनं उतरून कुणी चुलवण डोंगराची वाट विचारली, की गावकरी म्हणायचे, "आधी केरबाच्या नाकाखालनं जावा." ती चेष्टा नव्हती. डोंगराच्या माथ्यावर गुऱ्हाळाच्या चुलवणासारखा खोल, काळ्या कातळाचा खड्डा. आत जुन्या गडकऱ्यांनी खोदलेलं पाण्याचं टाकं, देवीची घुमटी, आणि कड्याला लोंबणारी आग्या मोहळं, सुपाएवढी. वास लागला की उठायची. म्हणून केरबा पायथ्याला लिंबाखाली उभा राहून येणाऱ्याचा वास घ्यायचा, मगच त्याला वर न्यायचा. डोकं, मान, पिशवी. गजरा, उदबत्ती, विडी, सगळं खाली ठेवायचं. वासाचं तेल लावलेला तर तिथनंच माघारी. एका फौजी हवालदारानं तोंडावर विचारलं होतं, "तू मानूस हायस का कुत्रं?"

"कुत्रंच म्हना, सायेब. पर आंघूळ करून या."

वीस वर्षांमागं त्याचा धाकटा भाऊ नाथाजी हळदीच्या, अत्तराच्या अंगानं देवीच्या पाया पडायला वर गेला होता. त्याला घोंगड्यात घालून खाली आणला. तेव्हापासून केरबाच्या नाकाला सुट्टी नव्हती, आणि वर गेलेलं दुसरं माणूस कधी उचलून आणावं लागलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या माघात त्याला ताप आला. आठ दिवसांनी गेला, जाताना वास घेऊन गेला. शेणाचा नाही, तव्यावरच्या भाकरीचा नाही. बायकोच्या, अंबूबाईच्या, हातनं रॉकेल सांडलं, तर हा गडी त्यातच पाय देऊन उभा! पण बोलला नाही कुणाला. वाट तर शेरडंसुद्धा दाखवतात. नाक गेलेल्या केरबाला कोण विचारणार? येईल चार दिवसांत माघारी, असं म्हणत त्यानं महिना ढकलला.

फाल्गुनात सांगलीकडचे रामगोंडा आणि त्यांची लेक चंदनबाला आली. पोरगी कॉलेजात शिकणारी. "सर म्हणतात, ज्वालामुखीचं तोंड असेलही, नसेलही. मला बघायचंच आहे."

केरबा पुढं झाला. डोकं, मान, पिशवी. नाक फुलवलं, डोळे मिटले. आत काहीच पोचलं नाही. उघड्या खिडकीतनं रिकाम्या घरात बघितल्यागत. तरी मान हलली, "चला."

चढ उभा होता. रामगोंडा धापा टाकत म्हणाले, "आमी जैन मानसं मध जिभंवर ठेवत न्हाई, केरबा. आमच्यावर कशाला रागावतील त्या माशा?"

"माशीला जात कळत न्हाई, पावनं. हळू बोला."

खड्ड्याच्या ओठावरनं आत पायऱ्या उतरत गेल्या. वारा बंद झाला. कातळ तापलेला. चंदनबाला खडकातली भोकं बोटानं चाचपत होती. टाक्याच्या अलीकडं रामगोंडांनी टोपी काढून घाम पुसला, आणि एक माशी येऊन त्यांच्या कानापाशी घिरट्या घालू लागली. मग दुसरी. केरबानं वर बघितलं. मोठ्या मोहळाच्या अंगावरनं एक लाट सरकली, वाऱ्यानं ज्वारीवरनं सरकावी तशी. वारा तर नव्हताच.

"पावनं," तो पुटपुटला, "हात हलवू नगा. कानात काय हाय?"

"अत्तराचा फाया. काल वडूजला लग्नात दिला, तसाच ऱ्हायला. आवं, तुमी वास घेतलासा की मघाशी!"

आता खोटं बोलायला जागा नव्हती. "मला वास येत न्हाई. महिना झाला. चुकलो मी."

रामगोंडांच्या तोंडाचा रंग उडाला. लेकीनं बापाचा दंड धरला.

"खाली पालथं पडा. घोंगडं अंगावर. कडा दाबून धरा. काय बी ऐकू आलं तरी उठायचं न्हाई." बोलता बोलता त्यानं फाया काढून घेतला, खांद्यावरचं घोंगडं दोघांवर टाकलं, पटका सोडून तोंडाला गुंडाळला आणि टाक्याकडं निघाला. पळायचं नव्हतं. पळणाऱ्यामागं मोहळ पळतं. पहिला डंख मानेला बसला, दुसरा मनगटाला. मग कड्यावरनं घूं असा आवाज सुटला आणि ऊन झाकोळलं. टाक्याच्या पलीकडच्या कपारीत त्यानं फाया फेकला आणि पाण्यात उतरला. गळ्यापर्यंत पाणी, वर ओला पटका.

पाठ, खांदे पेटले होते. पण त्याचे कान घोंगड्याकडं होते. तिकडनं ओरडा आला तर? आणि न आला तर? हाक मारायची सोय नव्हती. नाथाजीनं वीस हाका मारल्या होत्या, प्रत्येक हाकेला माशा वाढल्या होत्या.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. गुणगुण विरळ झाली. मग घोंगड्याची एक कड उचलली गेली, आणि पोरीचा बारीक आवाज आला, "मामा, उठू का?"

"हळू," केरबा म्हणाला आणि पाण्यातनं वर आला. दोघांना मिळून सात डंख होते.

संध्याकाळी अंबूबाई त्याच्या पाठीतले काटे उपसत चुना लावत होती. "मला ठावं हुतं. रॉकेल सांडलं तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगशीला म्हनून वाट बघत बसले. माजं बी चुकलंच."

तिसऱ्या दिवशी चौघांची टोळी आली. सुजल्या तोंडाचा केरबा घोंगडं घेऊन निघाला, तशी अंबूबाई पदर खोचून लिंबाखाली उभी. चौघांची डोकी, माना, पिशव्या. मग ती नवऱ्यापाशी आली. त्या दिवशीच्याच सदऱ्याला नाक लावलं आणि मागं सरकली.

"पिकल्या केळाचा वास मारतोय ह्याला. डंखाचा वास ह्यो, ह्याच्यावर बाकीच्या माशा धावून येत्यात. ह्येच घालून निघालासा व्हय?"

केरबानं सदरा हुंगून बघितला. काहीच नव्हतं. चौघं बघत होते. त्यानं सदरा काढला, तिच्या हातात दिला आणि उघड्या अंगानं तिच्यापुढं उभा राहिला.

"आता घे वास," तो म्हणाला.