विलास सामंतला रिकामं चालत नसे

विलास सामंत चंदनसारला राहायचा, अंधेरीच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचा, आणि कुठे रिकामी जागा दिसली की त्याचं डोकं उठायचं. शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताची मिनिटं छापायची राहिली, तर हा फोन करून ती विचारून घेई आणि पेनाने पत्रिकेवर लिहून ठेवी. "तुम्हाला 'माहीत नाही' हे उत्तर कधी चालणार?" असं बायको विनया विचारी. "माहीत नसेल तर करून घ्यावं," म्हणून हा पुन्हा पेपरात तोंड घाली. शहाणपणाचा असा ठेका घेतलेला माणूस अख्ख्या बिल्डिंगीत दुसरा नव्हता.

दोन हजार चार साली वसईजवळच्या पाचूबंदरच्या एका मच्छीमार सोसायटीने सभासदांच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं, आणि कुणाच्या तरी ओळखीने काम विलासकडे आलं. त्याने टेबल, म्हणजे रकान्यांचा तक्ता, बांधलं आणि त्यातला एकूण एक कॉलम 'नॉट नल' करून टाकला, म्हणजे सक्तीचा. मग सोसायटीचे सेक्रेटरी ॲन्सेल्म यांना समोर बसवून शिकवणी घेतली. डेटाबेस स्वतःसाठी कॉलमांची एक यादी ठेवतो, तिच्यात सक्तीच्या कॉलमपुढे खूण असते. नोंद साठवण्याआधी ती खूण बघितली जाते, आणि सक्तीचा एक रकाना जरी रिकामा निघाला तरी अख्खी नोंद परत. रिकामं म्हणजे शून्य नव्हे, नुसती कोरी अक्षरंही नव्हेत. ज्या नोंदीत एखादा रकाना खरोखर रिकामा असतो, तिच्या डोक्याशी एक चिमुकली पट्टी येते. कुठल्या रकान्यात काही आहे आणि कुठल्यात नाही, एवढंच ती सांगते.

"आपण ती पट्टी येऊच दिलेली नाही," विलास म्हणाला. "सगळंच सक्तीचं. तेवढी जागा वाचली."

सभासद होते तीनशेच्या आसपास. वाचलेल्या जागेने फ्लॉपीचा कोपरासुद्धा भरला नसता. पण विलासचा चेहरा असा, की जणू समुद्र मागे सारून गावाला जमीन काढून दिली.

मृत्यूची तारीखही सक्तीचीच होती. "मग जिवंत माणसाचं काय लिवायचं, साहेब?" ॲन्सेल्मनी भीत भीत विचारलं.

"एकतीस डिसेंबर नऊ हजार नऊशे नव्याण्णव."

अशा रीतीने विलासने सगळ्या पाचूबंदरला एकाच दिवशी मारायचं ठरवलं आणि याला तो शिस्त म्हणाला.

सप्टेंबरात सॅन्टन नावाच्या सभासदाची होडी वाहत आलेली मिळाली, सॅन्टन मिळाला नाही. अशा वेळची तिथली रीत ठरलेली होती. न परतलेल्याची सभासदाची जागा त्याची बायको चालवी, तो येईपर्यंत. सोसायटी तिच्या सहीवर होडीसाठी डिझेल देई आणि वहीत मृत्यूच्या तारखेचा रकाना तसाच सोडी. त्या कोऱ्या जागेचा अर्थ अख्ख्या गावाला कळे. प्रोग्रॅममध्ये मात्र मेल्याची तारीख पडल्याशिवाय बायकोचं नाव चढत नव्हतं, आणि नऊ हजारातली तारीख म्हणजे तर माणूस जिवंत.

रविवारी सॅन्टनची बायको रोझी सोसायटीत आली तेव्हा विलास तिथेच होता. बाहेर तिचे दीर आणि खलाशी डिझेलसाठी थांबले होते.

"तारीख कोरी ठेव," रोझी म्हणाली.

ॲन्सेल्मनी कोरी ठेवून पाहिली. नोंद परत आली.

"ताई, तो निघाला त्या दिवसाची टाकू," विलास म्हणाला.

"त्या दिशी तो जेवून गेला. त्या दिशी कसा मरंल?"

"अहो, मशीनला काहीतरी हवं असतं. ते खरंच असावं असं कुणी मागत नाही. आणि ते वाचणार कोण आहे?"

आयुष्यभर लोकांना अचूकपणाचे डोस पाजणाऱ्या माणसाचं हे तत्त्वज्ञान. त्याने स्वतःच तारीख ठोकली. रोझीला डिझेल मिळालं, पण ती मान खाली घालून बाहेर पडली. रिकामं राहू नये म्हणून खोटं भरलं, याची त्याला टोचणीसुद्धा लागली नाही.

वाचणार कोण, हे त्यानेच आधी ठरवून ठेवलं होतं. दोन नोव्हेंबरला चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, असते आणि त्या वर्षात गेलेल्या सभासदांची नावं फादर वाचतात. ती यादी आपोआप निघायची सोय विलासने मोठ्या हौसेने केली होती. मिस्सेनंतर त्याचा सत्कार, म्हणून तो पहिल्या बाकावर बसला होता.

फादरनी सॅन्टनचं नाव वाचलं. मागून रोझी उभी राहिली.

"फादर, तो मेलेला नाय. तो आलेला नाय."

फादरनी कागद घडी करून ठेवला. ॲन्सेल्मनी विलासकडे पाहिलं, आणि विलासला लाज वाटली. फार उशिरा, पण वाटली. सत्काराचा नारळ त्या दिवशी टेबलावरच राहिला.

पुढच्या रविवारी तो सोसायटीत आला. कॉलमांच्या यादीतली, मृत्यूच्या तारखेपुढची सक्तीची खूण पुसायला एक ओळ पुरली, एकाही नोंदीला हात लागला नाही. मग सॅन्टनची तारीख त्याने काढून टाकली आणि तीनशेतल्या त्या एकाच नोंदीच्या डोक्याशी पट्टी आली. तारखेविना बायकोचं नाव चढेल अशीही सोय केली. अंधेरीच्या ऑफिसात मात्र त्याने हे 'नवीन सुधारणा' म्हणून सांगितलं. खोड काही जात नाही.

रोझी डिझेलची सही करायला आली होती. तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"आता तिथं काय लिवलंय?"

"काहीच नाही," विलास म्हणाला.

"आता खरं लिवलंस," रोझी म्हणाली आणि सही करून गेली.