पाण्याच्या दिवशी सत्कार

आमच्या भवानी पेठेत नळाला चार दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी घरातली बाई लग्नालासुद्धा जात नाही. शेजारच्या अक्काचा सत्कार नेमका त्याच दिवशी आला.

अक्का विणकराच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी. नवरा रविवारीही दिवसभर यंत्रमागावर, मुलगी बाहेरगावी कॉलेजात. आमच्या दोन घरांत मिळून बोळात एकच नळ. घागर कुणाची पुढे, पाइप कुणी काढला, यावरून तिचं आणि माझ्या सासूबाईंचं कायम वाजायचं. भांडण रंगलं की अक्का तेलुगूत शिरायची. सासूबाईंना ओ की ठो कळायचं नाही, पण उत्तर तयार असायचं.

मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. पुढच्या खोलीत गठ्ठे छताला टेकलेले असतात. एका संध्याकाळी मी तयार माल पोचवायला गेले होते. सासूबाईंनी डासांसाठी धूप पेटवला आणि डुलकी काढली. ठिणगी गठ्ठ्यावर पडली. सासूबाईंचे गुडघे गेलेले, धुरात त्यांना उठता येईना. अक्कानं धूर पाहिला, चादर पिंपात बुडवून अंगावर घेतली आणि आत शिरली. त्यांना काखेत धरून ओढत बाहेर काढलं. मग स्वतःच्या घरात साठवलेलं होतं नव्हतं तेवढं पाणी आगीवर ओतलं. सासूबाईंचा एक हात भाजला, अक्काच्या भुवया गेल्या.

पेठेतल्या मंडळानं रविवारी सत्कार ठरवला. शनिवारी पाणी यायचं होतं, तर मोठी पाइपलाइन फुटली आणि पाणी रविवारवर गेलं.

"मी नाही येत," अक्का म्हणाली. "घरात थेंब नाही. शाल पिऊ का?"

"मी भरते तुझं."

"तुम्ही तर सोबत पाहिजे. माइक हातात दिला तर मी पळून येईन."

"आगीत शिरलीस आणि माइकला घाबरतेस?"

"आग म्हणाली का, दोन शब्द बोला म्हणून?"

खाटेवरून सासूबाई बोलल्या, "जावा दोघी. मी बसते नळावर."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "आजी, माझी घागर लावणार तुम्ही?"

"लावते की. एक हात भाजलाय, दुसरा हाय."

"आधी कुणाची?"

सासूबाईंनी भिंतीकडे कूस वळवली. अक्का आली, पण मन नळावर ठेवून. नगरसेवकांचं भाषण लांबत गेलं तशी ती मला कोपरानं ढोसायला लागली, "आलं असेल का हो?" शाल झाली, नारळ झाला, माइक समोर आला. "पाणी आलं असेल, मी जाते," एवढंच ती बोलली आणि स्टेजवरून उतरली. समोरच्या सगळ्या बायका उठून टाळ्या वाजवायला लागल्या. आपापल्या घरी जायची त्यांनाही घाई होतीच.

बोळात शिरलो तर सासूबाई नळाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत, काठी मांडीवर, धडधाकट हातात पाइप धरून. पाइप अक्काच्या दारातून आत गेलेला. अक्काचं पिंप काठोकाठ, घागरी भरलेल्या, बादल्या, पातेली, अगदी चहाचं भांडंसुद्धा. नळ कोरडा. आमची भांडी सकाळी मी पालथी घातली होती तशीच.

"आणि आपलं?" मी विचारलं.

"आधी तिचं लावलं. मग गेलं पाणी. मी काय करू?"

अक्कानं शाल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. "आता तुम्ही पिणार काय, आजी?"

"तुझंच. लई भरलंय."

पुढचे चार दिवस आम्ही अक्काकडचं पाणी प्यायलो. मी कळशीनं आणायची. सासूबाई घोट घ्यायच्या आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, पिंप नीट घासलेलं न्हाय. पलीकडून तेलुगूत उत्तर यायचं.