कळांसाठी

तो कागद कपाटावर मी स्वतः चिकटवला होता, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे अठरा दिवस मी ते कोणाला सांगितलं नाही.

कागद वसईतल्या गरोदर बायकांच्या एका वर्गातून आलेला. मी वालीवच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर बसते. तिथल्याच एका बाईने मला या वर्गाचं सुचवलं होतं. शनिवारी दुपारी एका हॉलमध्ये सतरंज्या टाकलेल्या असायच्या आणि शिकवणाऱ्या ताई एक्युप्रेशर दाखवायच्या. मनगटावर कुठे दाबलं की मळमळ कमी होते, कमरेखाली कुठे अंगठा रोवला की पाठ मोकळी होते, असं सगळं. बाकीच्या जणींसोबत नवरे यायचे. माझ्या नवऱ्याला शनिवारी सुट्टी नसते, म्हणून माझ्यासोबत आई. ती मागे भिंतीला टेकून बसायची आणि ताईंच्या बोटांकडे टक लावून बघायची. मी वहीत लिहून घ्यायचे.

तीन शनिवार आम्ही गेलो. चौथ्या शनिवारी ताई बाळंतपणाच्या वेळचं शिकवणार होत्या, नेमका त्याच दिवशी आमच्याकडे माल भरायचा होता. सुट्टी मिळाली नाही. ताईंनी कारखान्यातल्या त्या बाईसोबत कागद पाठवला आणि निरोप दिला, “भेटल्यावर समजावून सांगते.” मला हसू आलं. समजावून काय सांगायचंय त्यात? मी बी.ए. आहे.

हे मी गर्वाने लिहितेय असं वाटलं तर वाटू दे. गर्व आहेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई जूचंद्रजवळच्या मिठागरात उन्हात फळीने मीठ ओढायची आणि मी सावलीत बसून पाढे म्हणायचे. आईला वाचता येत नाही. सही येते, ती मी शिकवलेली. ती ‘पानी’ म्हणाली की मी ‘पाणी’ म्हणायचे. ती ‘कला’ म्हणाली की मी म्हणायचे, “कला नाही गं आई, कळा. कला म्हणजे चित्रं काढतात ती.” ती म्हणायची, “त्याच गो. दुकतान त्या.”

मिठाने तिच्या हातांची पार वाट लागलेली आहे. तळवे घासकागदासारखे. पण शनिवारी हॉलमध्ये पाहिलेलं ती घरी येऊन माझ्या पाठीवर अगदी तसंच करायची. ताईंपेक्षा बरं करायची. कमरेच्या हाडाखाली तिचे दोन अंगठे बसले की दिवसभराची खुर्ची अंगातून निघून जायची. तिच्या जिवावरच मी आठव्या महिन्यापर्यंत कामावर जात होते.

तर तो कागद. वर मोठ्या अक्षरात यादी होती. मळमळीसाठी, मनगटाची जागा. पाठदुखीसाठी, कमरेची जागा. डोकेदुखीसाठी, अंगठा आणि बोटाच्या मधली जागा. आणि शेवटी, कळांसाठी, घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर. सोबत पायाचं चित्र, त्यावर काळा ठिपका. मी तो चारही बाजूंनी टेप लावून कपाटाच्या दारावर नीट चिकटवला. आई बाजूला उभी राहून बघत होती.

आठवा लागून थोडेच दिवस झाले होते. एका दुपारी जेवून पडले आणि पोट घट्ट झालं. दगडासारखं. मग सैल झालं. परत घट्ट. कमरेतून पुढे येणारी बारीक कळ.

“आई, कळा येतायत गं.”

“आताच? दवाखान्यात जाव चल.”

“खोट्या असतील. सांगितलंय डॉक्टरांनी, येतात अशा. त्या कपाटावर बघ ना, कळांसाठी घोट्याची जागा आहे. तिथे दाब, थांबतील.”

ती पायाशी बसली, पण हात लावेना. “इचार कुनाला तरी. त्या ताईला फोन कर.”

“आई, लिहिलंय तिथे. मला वाचता येतं.”

हे वाक्य मी ज्या सुरात म्हणाले तो सूर मला अजून ऐकू येतो.

“बोटा कोनाची?” तिने विचारलं. “माझी का तुझी? ताई बोललेली, ज्याचा पाय त्याची बोटा.”

“कोणाचीही चालतील. दाब तू.”

तिने माझाच हात ओढून माझी चार बोटं माझ्या नडगीवर ठेवली, जागा धरली आणि अंगठा दाबला. आधी डावा पाय, मग उजवा. अर्धा तास तरी. जागा इतकी दुखत होती की मी म्हटलं, बरोबर सापडली. डोकेदुखीसाठी म्हणजे डोकेदुखी जायला. पाठदुखीसाठी म्हणजे पाठदुखी जायला. मग कळांसाठी म्हणजे काय, हे कोणाला विचारायची गरज होती?

चार वाजेपर्यंत कळा दर दहा मिनिटांनी यायला लागल्या.

रिक्षात आई माझ्या पोटावर हात ठेवून बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला शिव्या घालत होती. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं. पिशवीचं तोंड थोडं उघडलंय म्हणाल्या. मग विचारलं, “काही घेतलं होतं? काही मालिश वगैरे?”

मी आईकडे बघितलं.

“मी पाय दाबलं,” आई म्हणाली आणि जागा दाखवली.

डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. “इथे दाबायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोनी नाय. माझ्याच डोस्क्याने दाबलं.”

“दिवस भरायच्या आधी इथे दाबत नाहीत, मावशी. कळा आणायला दाबतात इथे.”

मी वर पंख्याकडे बघत राहिले. आई खाली बघत होती. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता आणि मी उघडलं नाही.

मग सलाईन, पट्ट्याने पोटाला बांधलेलं मशीन, त्यातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज. सिस्टर इंजेक्शन भरत होत्या. “हे बाळाच्या फुप्फुसांसाठी. आणि हे कळांसाठी.”

मी हात मागे घेतला. “कळा यायला की थांबायला?”

“अहो, थांबायला! आत्ता यायला कशाला देईन?” सिस्टर हसल्या. “काय बाई प्रश्न!”



नवरा कारखान्यातून तसाच आला, अंगावर कंपनीचा शर्ट. दुसऱ्या दिवशी मी त्याला तो कागद आणायला सांगितला, मला परत वाचायचा होता. त्याने टेप ओढून काढला, तेव्हा एक कोपरा फाटला. आणि कागद माझ्या हातात आला तेव्हा मी पहिल्यांदा त्याची मागची बाजू पाहिली. ‘सूचना’ असं वर लिहिलं होतं. घोट्याची जागा फक्त कळा आणण्यासाठी, दिवस भरण्याआधी तिथे कधीही दाबू नये. खाली रेघ मारलेली.

इतके दिवस ही बाजू कपाटाच्या दाराला चिकटून होती. मीच चिकटवली होती, चारही बाजूंनी.

मी कागद घडी करून उशीच्या अभ्र्यात घातला. बाळ हललं की श्वास घ्यायचे, नाही हललं की मनातल्या मनात बडबडायचे. डिग्री घे, नोकरी घे, काय हवं ते घे, पण हे एवढं राहू दे. कोणाला म्हणत होते कोणास ठाऊक. बाजूच्या खाटेवरची कॅथलिक बाई रोज दुपारी रोझरीची माळ ओढायची. एकदा तिने न विचारता माझ्यासाठीही एक प्रार्थना म्हटली आणि मी रडले. तिला वाटलं, मी घाबरलेय. घाबरले होतेच, पण तेवढंच नव्हतं.

लघवीच्या तपासणीत इन्फेक्शन निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बहुतेक याच्यामुळेच कळा आल्या. नुसत्या दाबण्याने आल्या असं मी म्हणणार नाही.” मी विचारलं, “म्हणजे दाबण्याने नाहीच आल्या?” त्या म्हणाल्या, “तसंही लिहून देणार नाही.”

औषधं लागू पडली. कळा थांबल्या. पाच दिवसांनी घरी सोडलं, पडून राहायचं या अटीवर.

घरी आईने माझं सगळं केलं. भरवलं, वेणी घातली, बेडपॅन दिलं. पण दाबायला एकदाही हात लावला नाही. पाठ ठणकत होती, मी कूस बदलली की ती बघायची आणि हात पदरात घ्यायची. शेजारीण आली तर स्वतःहून सांगायची, “माझ्या हाताने झायला. मेला हातच वंगाल.” आणि मी तिथेच पडून ऐकायचे. रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज वाटायचं, बाळाला काही झालं तर? मग ते माझ्या हातून झालं असेल. तोपर्यंत ते आईच्या हातून झालेलं राहू दे. इतकी मी वाईट होते. लिहिताना हात जड होतो, पण होते.

अठराव्या दिवशी सकाळी पाणी गेलं. या वेळी डॉक्टरबाईंनी थांबवलं नाही. “दिवस अजून कमीच आहेत, पण आता बाहेर आलेलंच बरं.” कळा मात्र येऊन येऊन मंदावायच्या. दुपार झाली. बाळाचे ठोके मध्येच हळू व्हायचे, सिस्टर मला एका कुशीवर वळवायच्या, मशीनकडे बघायच्या, डॉक्टरबाईंना हाक मारायच्या. ठोके हळू झाले की मी जगातलं सगळं विसरायचे, फक्त तो आवाज परत जोरात येईपर्यंत वाट बघायचे.

आईला आत येऊ दिलं होतं. सिस्टर तिला म्हणाल्या, “मावशी, कंबर दाबा तिची. आणि आता तो घोटा पण दाबला तरी चालेल. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“नाय,” आई म्हणाली. “मना नका सांगू. मी हात नाय लावनार.”

एक कळ आली आणि गेली. त्या मधल्या वेळात मी बोलले.

“आई, चूक माझी होती. कागदावर मागच्या बाजूला लिहिलं होतं, दाबू नका म्हणून. मी वाचलंच नव्हतं. तू सगळं स्वतःवर घेतलंस आणि मी गप्प बसले.”

मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर चिडेल.

“मना म्हाइत हाय गो,” ती म्हणाली. “तू चिकटवत व्हतीस तवा मी बघितला. दोन्ही बाजूनी लिवून काला व्हता कागद. मना वाटला, शिकलेली हाय, वाचला असल.”

“मग त्या दिवशी का नाही बोललीस?”

“तू बोललीस ना, मला वाचता येतं.”

पुढची कळ आली. ती ओसरल्यावर मी स्वतःच माझा हात खाली नेला, पाय वर ओढला आणि चार बोटं नडगीवर ठेवली. “इथे, आई. दाब.”

तिने क्षणभर सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनी मान हलवली. मग तो खरखरीत अंगठा माझ्या पायावर टेकला आणि हळूहळू आत रुतला. दुखलं. खूप दुखलं. मी म्हटलं, “अजून.”

त्यामुळे कळा वाढल्या की औषधाने, ते मला सांगता येणार नाही. वाढल्या एवढं खरं. चारच्या सुमाराला मुलगी झाली. तिला माझ्या अंगावर न देताच बाजूच्या खोलीत नेलं. दार लोटलं गेलं. तिकडून कसलाच आवाज नाही. डॉक्टरबाई नाहीत, सिस्टर नाहीत. आम्ही दोघीच. आईचा अंगठा अजून माझ्या घोट्यावर होता. आता त्याचा काही उपयोग नव्हता, ते तिलाही कळत होतं. मी तिला काढ म्हटलं नाही आणि तिने काढला नाही. दार बंद होतं तेवढा सगळा वेळ ती दाबत राहिली, आणि आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला तेव्हाही.